‘कूसबदल’ हे नाव माझ्यामागे कोणाकडे राहावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, सध्या बिछान्याला खिळलेला, राहणार या घराच्या मागच्या खोलीत, असे लिहून ठेवतो की माझी शुद्ध जागेवर आहे, मला नीट ऐकू येते, आणि कोणी कानाशी लागून किंवा डोळे वटारून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. डॉक्टरांनी काल येऊन तशी खात्री करून घेतली. त्यांनी मला वार विचारला, मी सांगितला. मग मुले किती, असे विचारले. तिथे मी थोडा थांबलो, पण ते विसरलो म्हणून नव्हे. शेवटी दोन असे सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

मजकूर मी सांगतो आहे आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या टायपिंगच्या बाई तो टाइप करत आहेत. त्यांचा जन्म वकिलांच्या कचेरीत असे कागद करण्यात गेला. त्या मधूनमधून हात थांबवतात आणि म्हणतात की पेंटर, यातले निम्मे मृत्युपत्रात लागत नाही. मी त्यांना सांगितले की आयुष्यभर गिऱ्हाइकाने दिली तेवढीच अक्षरे रंगवली, आता एकदा माझ्या मनासारखे लिहू द्या. त्या नाइलाजाने लिहीत आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हणाले, तर तो थापा मारतो आहे असे समजावे.

कलम १. माझी माणसे

माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, पुढे मीही तेच म्हणू लागलो. ती जाऊन आता काही वर्षे झाली.

थोरली मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या घरी सुखात आहे, निदान तसे सांगते. धाकटा मुलगा संगणकाची कामे करतो. त्याने लग्न केले नाही, त्याची कारणे त्याला ठाऊक. माझे खुब्याचे हाड मोडल्यापासून तो आपले सामान घेऊन पुढच्या खोलीत राहायला आला आहे. मी त्याला बोलावले नव्हते. आमच्यात बोलणे नाही. मला दिवा मालवून हवा असेल तर मी थोरलीला फोन करतो, ती तिच्या घरून त्याला फोन करते, मग तो उठून येतो आणि दिवा मालवतो. दिवसा एक मावशी येतात. बाकीच्या वेळी माझे सगळे तोच करतो. हात लावण्याआधी “बाबा, डावीकडे” किंवा “बाबा, उजवीकडे” एवढे म्हणतो. मी उत्तर देत नाही.

इथे बाई हसल्या. हसण्यासारखे आहे हे मलाही समजते, पण मला हसू येत नाही.

कलम २. घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची धुण्याची जागा असे हे राहते घर दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. माझ्या मनात हे असे नव्हते. पण सिस्टरने शेवटच्या आजारात माझ्याकडून ते कबूल करून घेतले. मी तोंडाने हो म्हणालो नाही, फक्त मान हलवली. तिच्या लेखी मान हलवली म्हणजे सही झाली. रुग्णालयात तिने अशाच माना बघून शेकडो माणसांचे काय दुखते ते ओळखले होते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

घराच्या दारावरची नावाची पाटी मी स्वतः रंगवलेली आहे. ती थोरलीने काढून न्यावी. नवीन येणाऱ्याला ती ठेवायला सांगू नये. परक्याच्या दारावर आपले नाव राहिले की काय होते, ते पुढे कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. हत्यारे

माझे ब्रश, हात टेकायची काठी, रेघ मारायची खडूची दोरी आणि एनॅमलचे डबे. डब्यांतला रंग वाळून दगड झाला आहे, ते टाकून द्यावेत. ब्रश चांगले आहेत. ते चित्रकलेच्या शाळेला द्यावेत, मात्र तिथल्या मास्तरांनी ते टर्पेंटाइनमध्ये बुडवून विसरून जाऊ नये.

शिडी चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे आहे. त्याने छपाईचे यंत्र आणले त्या वर्षी माझी निम्मी गिऱ्हाइके गेली, पुढच्या वर्षी उरलेली. त्याबद्दल माझा राग नाही, ज्याचा त्याचा धंदा. पण ते फ्लेक्स टांगायला त्याने शिडी माझी नेली, “दोन दिवसांत देतो पेंटर” असे म्हणून. ती शिडी त्याने आता ठेवून घ्यावी. फक्त हे कलम थोरलीने त्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक असताना, मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. पुंजी

बँकेत जे काही आहे त्यातून आधी ‘कूसबदल’ या सिस्टरच्या ब्लॉगच्या नावाचे नूतनीकरण करावे, जितक्या पुढच्या मुदतीचे एकदम करता येते तितक्या मुदतीचे. मग मावशींचा हिशेब चुकता करावा. उरेल ते थोरलीच्या मुलीच्या शिक्षणाला. माझे मेहुणे यात हक्क सांगायला येतील. त्यांना चहा द्यावा आणि परत पाठवावे. सिस्टरने पहिला लेख लिहिला तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, की कोण बसलंय हे वाचायला.

कलम ५. नावाची हकिगत

हे कलम लांबेल. बाईंनी कागद बदलला आहे.

निवृत्त झाल्यावर सिस्टरला घरात चैन पडेना. रस्त्यात कोणी ना कोणी तिला थांबवायचे. सासूच्या पाठीला जखम झाली, वडील गिळत नाहीत, नवरा रात्रंदिवस ओरडतो. ही भाजीची पिशवी खाली ठेवून भर रस्त्यात दाखवायची, चादर कशी घडी घालून अंगाखाली सरकवायची, उशी कुठे लावायची. मी बाजूला ताटकळत उभा. शेवटी धाकटा म्हणाला, की आई, तू हे लिही, मी तुला ब्लॉग करून देतो. ही कल्पना त्याची, हे मी नाकारत नाही.

नाव मात्र मी दिले. सिस्टरला ‘घरी झोपून असलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी’ असे काहीतरी हवे होते. मी म्हटले, ही पाटी नाही, हा निबंध आहे. सायकलवरून जाणाऱ्याला एका नजरेत वाचता आली पाहिजे ती पाटी. फोनवर एकदा सांगितली की दुसऱ्यांदा सांगावी लागू नये. रडून रडून डोके बधिर झालेल्या माणसालाही ती आठवली पाहिजे. मग मी तिला विचारले, की तू दिवसातून सगळ्यात जास्त वेळा लोकांना काय सांगतेस? ती म्हणाली, “कूस बदला. तासन् तास एकाच कुशीवर ठेवू नका.” तिथेच नाव ठरले. कूसबदल डॉट कॉम. कोणी घेतलेले नव्हते. धाकट्याने त्याच बैठकीत ते नोंदवले आणि मी जन्मभरात रंगवलेल्या सगळ्या पाट्यांपेक्षा ही बिनरंगाची पाटी चांगली झाली, असे मला वाटले.

ती लिहायची तेही तसेच. पहिल्या लेखाची पहिली ओळ होती, “आधी सांगा, मग हात लावा. माणूस झोपून आहे, सामान नाही.” अवघड शब्द नाहीत, घाबरवणे नाही. खाली लोक प्रश्न विचारायचे आणि ती एकेकाला उत्तर द्यायची. समोरचे औषधवाले औषधाच्या पाकिटावर पेनाने ते नाव लिहून द्यायचे. कोणी बिछान्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवले, कोणी फ्रिजवर. कोणाला सिस्टरचे खरे नाव माहीत नव्हते, फोन माहीत नव्हता, घर माहीत नव्हते. त्यांच्याजवळ तिचे म्हणून एवढे एकच नाव होते.

मला वाटायचे, नाव एकदा घेतले की आपले झाले. माझ्या धंद्यात तसेच असते, दुकान बुडाले तरी पाटी राहते. इथे तसे नाही. इथे नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, आणि भाडे भरायची आठवण ई-मेलवर येते. हे धाकट्याला पक्के माहीत होते. नोंदणी करताना त्याने स्वतःच्या कचेरीचा ई-मेल दिला होता, कारण दिवसभर तोच त्याच्यासमोर उघडा असायचा. पुढे त्याने नोकरी बदलली. जुन्या कचेरीने त्याचा ई-मेल बंद केला. आठवणी त्या बंद पेटीत पडत राहिल्या.

त्याच दिवसांत सिस्टरच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आम्ही सगळे रुग्णालयात. ब्लॉगकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. मुदत संपली, सवलतीचे दिवसही संपले, आणि नाव मोकळे झाले. मोकळ्या झालेल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात, हे मला तेव्हा कळले. ज्या नावावर रोज माणसे येतात त्याला त्यांच्यात भाव असतो. लेखांशी त्यांना देणेघेणे नसते, त्यांना फक्त येणारी माणसे हवी असतात.

सिस्टर घरी आली त्या आठवड्यात तिला औषधवाल्यांचा फोन आला. आवाज दबका. “सिस्टर, तुम्ही तेल कधीपासून विकायला लागलात?”

आम्ही उघडून पाहिले. तेच नाव, आणि खाली तेलाची बाटली. कसलीही जखम सात दिवसांत भरते. जुन्या परिचारिकेचा अनुभव, असेही लिहिले होते. सिस्टरचे लेख गेले होते, तिच्यावरचा विश्वास तेवढा त्यांनी ठेवून घेतला होता. तिने ते पान पुन्हा वरून खालपर्यंत वाचले. म्हणाली, “लोकांना वाटेल मीच सांगतेय.”

आणि लोकांना तसेच वाटले. थोरलीच्या संगणकात सगळ्या लेखांची प्रत होती. ते आम्ही दुसरीकडे एका फुकटच्या जागी लावले, पण तिथला पत्ता हातभर लांब. तिथे कोणी फिरकले नाही. माणसे जुन्या सवयीने जुन्याच नावावर जात होती. एका बाईने तिच्या आईच्या उघड्या जखमेवर ते तेल चोळले. जखम चिघळली, ताप आला, आई गेली. त्या बाईने कुठून तरी आमचा फोन शोधून काढला आणि सिस्टरला नाही नाही ते बोलली. सिस्टरने तिला अडवले नाही, तेल माझे नाही असेही सांगितले नाही. सगळे ऐकून घेतले आणि तिच्या आईचे नाव विचारले. पुढचे कित्येक दिवस ती ज्यांचे फोन तिच्याजवळ होते त्यांना एकेक करून फोन करत होती, दम लागत असताना. ज्यांचे नव्हते त्यांचे काय, असे मला विचारायची.

वर्षभरात ती गेली. तेलाच्या बाटलीने गेली असे मी म्हणत नाही, हृदयाने गेली, तसे कागदावर आहे. पण ती गेली तेव्हा तिचे नाव चोरांच्या दारावर होते आणि ते तिला ठाऊक होते. हे मला आजही सहन होत नाही.

धाकटा त्या वेळी एवढेच म्हणाला होता, “मेल बंद झाला होता बाबा, मला कळलंच नाही.” त्यावर मी त्याला जे बोललो ते बाई टाइप करणार नाहीत आणि मीही पुन्हा उच्चारणार नाही. सिस्टरने त्याला त्याच दिवशी जवळ घेऊन बसवले. मी सिस्टर नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

ती गेल्यावर मी माझा रंगकामाचा गाळा विकला आणि नावांच्या दलालाकडून ‘कूसबदल’ परत घेतले. तेलवाल्याचे काम तोवर झाले होते, पोलिसांत तक्रारीही गेल्या होत्या, त्याला ते झटकायचेच होते. थोरली म्हणाली की बाबा, आता लोक व्हिडिओ बघतात, नावासाठी गाळा कोण विकतं? मेहुणे म्हणाले की म्हातारा भ्रमिष्ट झाला. ते म्हणू देत. ज्यांच्या भिंतीवर ते नाव लिहिलेले आहे ती माणसे अजून तिथे येतात, आणि त्यांना तेल दिसायचे थांबले.

लेख पुन्हा जागेवर लागले. सिस्टर गेल्याचे मात्र तिथे लिहिलेले नाही. मीच लिहू दिले नाही. एवढे करून तिचे नाव परत आणायचे आणि त्यावर पहिलीच ओळ ती नाही अशी लिहायची, हे माझ्याने झाले नाही.

कलम ६. नावाची व्यवस्था

‘कूसबदल’ हे नाव, त्याची नोंदणी, त्याचा पासवर्ड आणि त्यावरचे सर्व लेख मी माझ्या थोरल्या मुलीला देतो. कारण नाव परत आल्यापासून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे तीच देते. मी पडल्या पडल्या टॅबवर ती रोज वाचतो. दिवसातला तेवढाच वेळ मला बरा जातो. “सिस्टरांच्या लेखात असे आहे,” अशी सुरुवात असते आणि पुढे नेमके तेवढेच, जेवढे त्या माणसाला झेपेल. मागे एका गृहस्थाने विचारले होते, की बायको प्रत्येक घास थुंकते, माझा हात उठेल की काय अशी भीती वाटते. उत्तर असे होते, की चमचा त्यांच्याच हातात द्या, सांडू द्या, सांडलेले पुसता येते. आणि तुम्ही स्वतः आज जेवलात का? हे वाचून मला सिस्टर समोर बसल्यासारखी वाटली. आईचा स्वभाव असा मुलीत उतरलेला पाहून मी निर्धास्त आहे.

धाकट्या मुलाने या नावाला कोणत्याही प्रकारे हात लावू नये. पासवर्ड त्याला सांगू नये. त्याच्या कोणत्याही ई-मेलवर या नावाबद्दल एकही ओळ जाऊ नये. ज्याच्या हातून आईचे नाव एकदा गेले, त्याच्या हाती ते पुन्हा देणार नाही, ही माझी पक्की इच्छा आहे.

बाईंनी विचारले, एवढं कडक लिहायचं का? मी म्हटले, लिहा.

कलम ७. मी गेल्यावर

गाजावाजा करू नये. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. कोणी प्रेमाने लावायला निघाला तर त्याला हे दाखवावे. सिस्टरची चष्म्याची डबी माझ्या उशाशी आहे, ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

कलम ८. कलम ६ रद्द

मधे दोन दिवस गेले आहेत. बाईंनी पुन्हा स्वच्छ टाइप करून देते म्हटले. मी नको म्हणालो. जुने अक्षर खालून दिसले तरी चालेल, कलम ६ तसेच ठेवावे आणि त्यावर काट मारावी.

घडले ते असे. नोंदणीवर मालक म्हणून नाव घालायचे, तर थोरलीचा ई-मेल आणि फोन हवा होता, म्हणून मी तिला बोलावून घेतले. बाईंनी तिला कलम ६ वाचून दाखवले. ती खाली बघत ऐकत होती. मला वाटले, जबाबदारीने बिचकली.

“बाबा, मी एकाही माणसाला उत्तर दिलेलं नाही,” ती म्हणाली. “मला ते वाचवतच नाही. आई आठवते. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

मग कोण देते, असे मी विचारले नाही. पासवर्ड तिच्याशिवाय आणखी कोणाजवळ असणार, ते उघड होते. लेख पुन्हा जागेवर लावायचे काम तिला जमण्यासारखे नव्हते, ते कोणी केले, एवढा साधा प्रश्न इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आला नव्हता. थोरलीने माझ्या पायावर हात ठेवला होता, तो मी काढू दिला नाही.

थोड्या वेळाने धाकटा आत आला, माझी कूस बदलायची वेळ झाली होती म्हणून. बाई उठून जायला लागल्या. मी त्यांना बसा म्हटले. मग त्याच्याशी बोललो. इतक्या वर्षांनी बोलायचे तर काहीतरी बरे बोलायला हवे होते, पण तोंडातून निघाले ते चौकशी केल्यासारखेच.

“उत्तरं तू देतोस?”

“हो.”

“कधीपासून?”

“नाव परत आलं तेव्हापासून. लोक विचारत होते. कोणीतरी सांगायला हवं होतं.”

“मग खाली नाव का नाही घालत स्वतःचं?”

तो चादरीची घडी नीट करत होता. सिस्टरने सांगितली आहे तशीच, आधी लांबीत मग रुंदीत. घडी पुरी झाल्यावर म्हणाला, “तुम्ही वाचता म्हणून.”

त्याने विचारले, “बाबा, उजवीकडे?” मी हो म्हणालो. त्याने मला उजव्या कुशीवर केले, पाठीला उशी लावली. माझे तोंड भिंतीकडे झाले, ते बरे झाले. मागे थोरली रडत होती ते ऐकू येत होते. तिचा भाऊ तिला पाणी देत होता.

पुढे त्याने आपणहून एक गोष्ट सांगितली, माझ्या पाठीशी उभा राहून. म्हणाला की लोक आईला विचारतात आणि मी आईसारखं उत्तर देतो, ते मला बरं वाटत नाही. तेलवाल्यानंही आईचंच नाव वापरलं होतं. तो पुढच्या खोलीत गेला. मी दोन दिवस विचार केला आणि आज बाईंना पुन्हा बोलावले.

म्हणून कलम ६ रद्द करून मी असे ठरवतो की ‘कूसबदल’ हे नाव, त्याची नोंदणी, पासवर्ड आणि लेख माझ्या धाकट्या मुलाकडे राहावेत. ही बक्षिशी नाही. ज्याच्या हातून नाव एकदा गेले तो पुन्हा मुदत विसरणार नाही, असा माझा व्यवहारी विचार आहे. बाईंनी विचारले, एवढंच कारण लिहू? मी म्हटले, एवढेच लिहा.

नोंदणी त्याने कोणत्याही कचेरीच्या ई-मेलवर न करता स्वतःच्या ई-मेलवर करावी, आणि जोडीला थोरलीचाही द्यावा, म्हणजे आठवण दोघांनाही येईल आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा दोघे एकमेकांशी बोलतील. त्या नावावर जाहिरात घेऊ नये. जेव्हा या दोघांपैकी कोणालाच ते सांभाळणे होणार नाही, तेव्हा कोणाला न विकता, रुग्णांची सेवा शिकवणाऱ्या एखाद्या शाळेच्या हाती द्यावे. तेही न जमले, तर आधी सगळ्यांना सांगावे की आता इथे येऊ नका, भिंतीवरून हे नाव पुसा, आणि मगच सोडावे. न सांगता कधीही सोडू नये.

सिस्टर गेल्याचे आता तिथे लिहावे. मी जाण्याची वाट पाहू नये, हा कागद झाला की लिहावे. ती गेली ती तारीख घालावी. त्यानंतर काही माणसे यायची थांबतील. मला त्याचे वाईट वाटेल, मी ते टॅबवर रोज बघत राहीन, पण लिहावे.

त्याच्या खाली लिहावे, की आता प्रश्नांना उत्तरे त्यांचा धाकटा मुलगा देतो. तिथे त्याने आपले पूर्ण नाव घालावे. नुसते पहिले नाव घालून मोकळे होऊ नये. मधे बापाचे नाव लावायची आपल्याकडे रीत आहे. त्याला त्या जागी आईचे लावावेसे वाटले तर त्याने तसे लावावे. माझी हरकत नाही, आणि त्याबद्दल माझ्यामागे कोणी त्याला बोल लावू नये.

वरचा सगळा मजकूर बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो डोळे मिटून पण जागेपणी ऐकला, आणि यातला प्रत्येक शब्द माझा आहे असे सांगून दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. पडल्या पडल्या केल्यामुळे माझी सही वाकडी आली आहे.

मृत्युपत्र करणार: पेंटर (सही)

साक्षीदार पहिले: समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक (सही)

साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

मजकूर टाइप करणार: गल्लीच्या टोकाच्या टायपिंगच्या बाई (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली

दिनांक: ४ मार्च, सोमवार